ऑफिसमध्ये कर्मचारी, पाहुणे आणि उपकरणं यांची वायफाय नेटवर्क वेगळी कशी करायची

बहुतेक लहान ऑफिसांत एकच वायफाय असतं आणि त्याचा एकच पासवर्ड. तो कर्मचाऱ्यांना माहीत असतो, भेटायला येणाऱ्यांना दिलेला असतो आणि नोकरी सोडून गेलेल्यांच्या फोनमध्येही पडून असतो. त्याच नेटवर्कवर हिशेबाचा कॉम्प्युटर, फाइल सर्व्हर, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डरही असतो. बाहेर सोफ्यावर बसलेल्या कुणाच्याही लॅपटॉपला हे सगळं दिसू शकतं. पासवर्डशिवाय ते उघडणार नाही हे खरं, पण मुळात ते दिसायलाच नको.

हे वेगळं करायला निघालं की माहिती दोनच प्रकारची सापडते. एक म्हणजे ‘राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क चालू करा’ एवढंच सांगणारी, आणि दुसरी नेटवर्क इंजिनिअरांनी इंजिनिअरांसाठी लिहिलेली. ऑफिसमधल्या ज्या माणसाला ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, मग तूच बघ’ असं सांगून हे काम दिलं जातं, त्याच्यासाठी मी हे लिहितोय. मी स्वतः याच वाटेने गेलोय, त्यामुळे कुठे अडायला होतं ते माहीत आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. वायफायला दोन नावं दिली म्हणजे दोन नेटवर्क झाली असं नाही. नाव फक्त हवेत दिसतं. खरं वेगळेपण केबलमध्ये आणि फायरवॉलमध्ये (कोणतं बोलणं जाऊ द्यायचं, कोणतं अडवायचं ते ठरवणारा राउटरमधला भाग) असतं. नावं वेगळी आणि मागे सगळं एकत्र, अशी ऑफिसं खूप आहेत. तिथल्या लोकांना वाटतं, आपलं काम झालंय.

काय काय लागेल

सामान:

- व्हीलॅन (त्याच केबल आणि स्विचवर नंबर देऊन वेगळं केलेलं नेटवर्क) करता येणारा आणि नेटवर्कांमध्ये फायरवॉलचे नियम लावता येणारा राउटर. घरगुती राउटरांपैकी बऱ्याच जणांत हे नसतं. ओपनडब्ल्यूआरटी चालणारा राउटर, किंवा पीएफसेन्स, ओपीएनसेन्स टाकलेला छोटा कॉम्प्युटर चालेल (ही तिन्ही राउटरचं काम करणारी सॉफ्टवेअर आहेत).
- मॅनेज्ड किंवा ‘स्मार्ट’ स्विच. साधा स्विच व्हीलॅनचा टॅग, म्हणजे नंबराची चिठ्ठी, ओळखत नाही, त्यामुळे त्याच्यावर काहीच वेगळं राहत नाही.
- प्रत्येक वायफाय नावाला वेगळा व्हीलॅन जोडता येईल असे ॲक्सेस पॉइंट (केबलला जोडून वायफाय देणारे डबे). ते पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर, चालणार असतील तर स्विचची ताकद बघून घ्या. ८०२.३एएफ स्विच एका पोर्टला १५.४ वॅट देतो, ८०२.३एटी ३० वॅट. शिवाय सगळ्या पोर्टांची मिळून एक मर्यादा असते, ती वेगळी.
- केबलने जोडता येणारा लॅपटॉप. वायफायवरून वायफायची सेटिंग बदलत बसू नका, मध्येच बाहेर फेकले जाल.

कागदपत्रं:

- इंटरनेट कनेक्शनचं यूजरनेम, पासवर्ड आणि स्थिर आयपी असेल तर त्याचे आकडे
- सध्याच्या राउटरच्या सेटिंगचा बॅकअप
- भिंतीतला कुठला सॉकेट स्विचच्या कुठल्या पोर्टला जातो याची यादी
- ऑफिसमधल्या सगळ्या उपकरणांची यादी: प्रिंटर, हजेरीचं मशीन, कॅमेरे, टीव्ही, सगळं

सॉकेटांची यादी बहुधा कुणाकडेच नसते. ती करायला वेळ जातो, पण ती टाळू नका. चौथ्या पायरीला तिच्यावाचून अडेल.

आधी एक प्रश्न: एवढं सगळं खरंच हवंय का?

पाच-सहा माणसं, एकच राउटर, वेगळा ॲक्सेस पॉइंट नाही, आणि पाहुण्यांना फक्त इंटरनेट द्यायचंय, एवढंच असेल तर राउटरमधलं गेस्ट नेटवर्क पुरतं. ते चालू करा, पाहुण्यांना आतलं काही दिसू देणारा पर्याय बंद आहे ना ते बघा, आणि थेट नवव्या पायरीतली तपासणी करा.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तोच राउटर तुम्ही ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये दुसऱ्या राउटरच्या मागे लावला असेल, तर कित्येक मॉडेलांत गेस्ट नेटवर्क नावापुरतंच उरतं. त्यावरचा फोन सरळ मुख्य नेटवर्कात जातो. दुसरं म्हणजे, जुना राउटर पडलाय म्हणून तो ऑफिसच्या राउटरला जोडून ‘हा पाहुण्यांचा’ असं लोक करतात. हे उलटं आहे. पाहुण्यांच्या राउटरसाठी ऑफिसचं नेटवर्क हे बाहेरचं जग असतं, आणि बाहेरच्या जगात जायची तर त्याला मोकळीक असते. म्हणजे पाहुणा ऑफिसच्या नेटवर्कातून वाट काढतच इंटरनेटवर जातो, आणि वाटेतलं सगळं त्याच्या हाताशी येतं.

पायरी १: कोण कुणाशी बोलणार ते कागदावर लिहा

राउटरला हात लावण्याआधी हे करा. मला विचाराल तर निम्मं काम इथेच होतं.

साधारण ऑफिसला चार गट पुरतात: कर्मचारी, पाहुणे, उपकरणं (प्रिंटर, कॅमेरे, टीव्ही, हजेरीचं मशीन) आणि व्यवस्थापन. व्यवस्थापन म्हणजे राउटर, स्विच आणि ॲक्सेस पॉइंट यांची स्वतःची सेटिंगची पानं. हिशेब विभाग वेगळा ठेवायचा असेल तर पाचवा गट करा. त्यापुढे जाऊ नका. प्रत्येक विभागाला वेगळं नेटवर्क द्यायचा मोह होतो, आणि मग अमक्याला तमक्याची फाइल दिसत नाही म्हणून एकेक अपवाद घालत बसावं लागतं. शेवटी एवढे अपवाद होतात की वेगळं काही उरतच नाही.

आता प्रत्येक जोडीसाठी लिहा: बोलणं कोण सुरू करणार, आणि कशासाठी. ‘सुरू कोण करणार’ हे महत्त्वाचं, कारण फायरवॉल तेवढंच बघतो. कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपने प्रिंटरला काम पाठवलं तर त्याचं उत्तर परत येण्यासाठी वेगळा नियम लागत नाही. पण प्रिंटरने आपणहून लॅपटॉपशी बोलायला सुरुवात केली, तर ती वेगळी गोष्ट.

साधारण यादी अशी होते:

- कर्मचारी ते इंटरनेट: चालू
- कर्मचारी ते उपकरणं: चालू
- उपकरणं ते कर्मचारी: बंद
- उपकरणं ते इंटरनेट: ज्याला गरज असेल त्यालाच
- पाहुणे ते इंटरनेट: चालू, बाकी सगळं बंद
- व्यवस्थापनाकडे: फक्त तुमच्या कॉम्प्युटरवरून

पायरी २: नंबर ठरवा

व्हीलॅनचा नंबर १ ते ४०९४ यांपैकी काहीही चालतो. १ हा बहुतेक स्विचांत कारखान्यातूनच सगळ्या पोर्टांवर लावलेला असतो, म्हणून तो कुणाला देऊ नका. मी असं ठेवतो: कर्मचारी १०, पाहुणे २०, उपकरणं ३०, व्यवस्थापन ९९.

आयपीमध्येही तोच नंबर दिसला तर पुढे डोकेदुखी वाचते. कर्मचाऱ्यांना १०.५०.१०.०/२४, पाहुण्यांना १०.५०.२०.०/२४, असं. पत्ता बघितला की उपकरण कुठे बसलंय ते लगेच कळतं.

१९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० मुद्दाम टाळलंय. घरगुती राउटर बहुतेक हेच वापरतात. उद्या कुणी घरून व्हीपीएनने ऑफिसला जोडलं आणि दोन्हीकडे तेच आकडे निघाले, तर त्याच्या लॅपटॉपला १९२.१६८.१.२० म्हणजे घरातला टीव्ही की ऑफिसचा सर्व्हर हे कळणार नाही. नंतर बदलायचं म्हटलं तर सगळं उकरावं लागतं, म्हणून आत्ताच करा.

शेवटचा /२४ म्हणजे पत्त्यांचा पट्टा केवढा ते. त्यात २५४ पत्ते मिळतात. पाहुण्यांची वर्दळ जास्त असेल तर त्यांना /२३ द्या, त्यात ५१० मिळतात. (मग मधला आकडा २० आणि २१ असे दोन्ही त्यांचे.)

पायरी ३: राउटरवर व्हीलॅन आणि डीएचसीपी

राउटरवर चारही व्हीलॅन तयार करा, प्रत्येकाला राउटरचा स्वतःचा पत्ता द्या (१०.५०.१०.१, १०.५०.२०.१ वगैरे) आणि प्रत्येकावर डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ता वाटणारी सोय) चालू करा.

पाहुण्यांच्या डीएचसीपीची मुदत दोन-चार तास ठेवा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा कारखान्यातून आलेला ओळख नंबर) न सांगता बनावट सांगतात, आणि काही तो मधूनमधून बदलतातही. मुदत आठवड्याची असली तर तोच फोन पुन्हा नवा पत्ता घेतो, जुना अडकून राहतो, आणि एक दिवस ‘वायफायला जोडलं जातंय पण इंटरनेट नाही’ अशी तक्रार येते. प्रिंटर आणि कॅमेऱ्यांना मात्र डीएचसीपीतूनच कायमचा पत्ता राखून ठेवा.

इंटरनेट कंपनीने दिलेला डबा हाही बहुधा राउटरच असतो. तो ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसती जोडणी पुढे देईल. ते जमत नसेल तर निदान त्याचं वायफाय बंद करा आणि त्याच्या मोकळ्या पोर्टांत ऑफिसची एकही केबल राहिली नाही ना ते डोळ्यांनी बघा. तिथे एक जरी जुनी केबल राहिली, तरी तुमच्या फायरवॉलला बगल देणारी वाट तयार होते.

पायरी ४: स्विच

नवखे सगळ्यांत जास्त इथे अडकतात, म्हणून सावकाश वाचा.

स्विचच्या पोर्टावरून व्हीलॅन दोन प्रकारे जातो. टॅग लावून, म्हणजे प्रत्येक पाकिटावर (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा) ‘मी २० नंबरचा’ अशी चिठ्ठी असते. किंवा टॅगशिवाय. साध्या कॉम्प्युटरला, प्रिंटरला टॅग कळत नाही, त्यामुळे त्यांच्या पोर्टावर एकच व्हीलॅन, टॅगशिवाय. राउटरकडे जाणारा पोर्ट, दुसऱ्या स्विचकडे जाणारा पोर्ट आणि ॲक्सेस पॉइंटचा पोर्ट यांच्यावर मात्र अनेक व्हीलॅन टॅग लावून जातात. याला ट्रंक म्हणतात. हे सगळं ८०२.१क्यू या मानकाप्रमाणे चालतं, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचं सामान एकमेकांशी जुळतं.

स्वस्त स्मार्ट स्विचांत एक खाच आहे. त्यांत दोन वेगळी पानं असतात: एकावर कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनचा सदस्य आहे ते, आणि दुसऱ्यावर पीव्हीआयडी. सदस्यत्वाने ठरतं ते पोर्टातून बाहेर काय जाणार. पीव्हीआयडीने ठरतं ते पोर्टात टॅगशिवाय आलेली पाकिटं कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायची. समजा पोर्ट ५ व्हीलॅन १० चा सदस्य केला, १ मधून काढला, पण पीव्हीआयडी १ च राहिला. कॉम्प्युटर डीएचसीपीला हाक मारतो, ती हाक व्हीलॅन १ मध्ये जाते, आणि उत्तर या पोर्टापर्यंत येतच नाही. कॉम्प्युटरवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. असा पत्ता दिसला की आधी पीव्हीआयडी बघा.

उलटी चूक जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. पोर्टाला १० मध्ये घातलं, पण १ मधून काढलंच नाही. सगळं चालतंय असं वाटतं आणि दोन्ही नेटवर्कांतली पाकिटं त्या पोर्टावर येत राहतात.

बैठकीच्या खोलीत आणि स्वागतकक्षात भिंतीतले सॉकेट असतातच. तिथे कुणीही केबल खुपसू शकतो. ते पाहुण्यांच्या व्हीलॅनमध्ये टाका किंवा बंद करा. वायफायवर एवढी मेहनत करून हा सॉकेट कर्मचाऱ्यांच्या नेटवर्कात राहिलेला मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय. ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टावरही गरजेचेच व्हीलॅन जाऊ द्या, सरसकट सगळे नकोत. ॲक्सेस पॉइंट काढून तिथे लॅपटॉप लावणं अवघड नसतं.

आणि व्यवस्थापनाचा व्हीलॅन सगळ्यांत शेवटी हलवा. बाकी सगळं नीट चालेपर्यंत स्विचचं सेटिंगचं पान आहे तिथेच, टॅगशिवाय राहू द्या. आधीच हलवलं तर एका चुकीच्या क्लिकनंतर स्विच दिसेनासा होतो आणि रिसेट करून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पायरी ५: वायफायची नावं

ॲक्सेस पॉइंटवर तीन नावं तयार करा आणि प्रत्येकाला त्याचा व्हीलॅन नंबर द्या: कर्मचारी १०, पाहुणे २०, उपकरणं ३०. व्यवस्थापनाला वायफाय नको.

नावं तीन, फार तर चार. कारण सांगतो. प्रत्येक नाव, प्रत्येक ॲक्सेस पॉइंटवरून, सेकंदाला सुमारे दहा वेळा ‘मी इथे आहे’ असं ओरडत असतं. त्याला बीकन म्हणतात, आणि तो सगळ्यांत हळू वेगाने जातो, म्हणजे जुन्या उपकरणांनाही कळावा. २.४ गिगाहर्ट्झवर तो वेग १ एमबीपीएस असेल आणि बीकन ३०० बाइटचा धरला, तर एका बीकनला सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका नावामागे हवेतला जवळजवळ अडीच टक्के वेळ. एकाच चॅनेलवर तीन ॲक्सेस पॉइंट एकमेकांना ऐकू येत असतील आणि प्रत्येकावर चार नावं असतील, तर कुणी काहीही न करता पाव भागाहून जास्त वेळ नुसत्या ओरडण्यात जातो. म्हणून नावं कमी ठेवा, १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे जुने वेग बंद करा, आणि २.४ वर शेजारच्या ॲक्सेस पॉइंटांना १, ६, ११ हेच चॅनेल आलटून पालटून द्या.

त्यावरून आणखी एक: नेटवर्क वेगळं केलं तरी हवा तीच असते. पाहुण्याने मोठी फाइल उतरवायला घेतली तर कर्मचाऱ्यांचं वायफायही मंदावणार. पाहुण्यांच्या नावाला वेगाची मर्यादा घाला.

नाव देवनागरीत ठेवता येतं, पण मर्यादा ३२ बाइटची आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. ‘पाहुणे’ १८ बाइटमध्ये बसतं. ‘कर्मचारी वर्ग’ ३७ बाइट होतं, बसत नाही. उपकरणांच्या नेटवर्काचं नाव मात्र रोमन लिपीतच ठेवा. जुन्या प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर देवनागरी नाव चौकोन चौकोन दिसतं आणि निवडताना पंचाईत होते.

नाव लपवून काही साधत नाही. ते इतर मार्गांनी सहज सापडतं, आणि कर्मचाऱ्यांचे फोन ते नाव बाहेरही पुकारत फिरतात. मॅक ॲड्रेसची यादी करून अडवणंही सोडून द्या. फोनच पत्ता बदलतात, आणि ज्याला आत यायचंय त्याला दुसऱ्याचा पत्ता उचलणं सोपं असतं.

पायरी ६: पासवर्ड की स्वतंत्र लॉगिन

पाहुण्यांसाठी साधा पासवर्ड ठेवा, दर महिन्याला बदला, क्यूआर कोड छापून लावा. पासवर्ड न ठेवता नुसतं उघडं वायफाय आणि लॉगिनचं पान ठेवणं मला पटत नाही. त्या पानाने हवेतली पाकिटं सुरक्षित होत नाहीत.

उपकरणांसाठी डब्ल्यूपीए२ (वायफायच्या सुरक्षेची पद्धत, डब्ल्यूपीए३ ही तिची नवी आवृत्ती) आणि लांब पासवर्ड. तो ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. तीसेक अक्षरांचा ठेवला तरी त्रास नाही, रोज कुणाला टाकायचा नसतो. डब्ल्यूपीए३ इथे लावाल तर जुना प्रिंटर आणि स्वस्त कॅमेरे जोडलेच जाणार नाहीत. बरीचशी उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, हेही धरून चला.

कर्मचाऱ्यांसाठी तीन पर्याय आहेत.

सगळ्यांना एकच पासवर्ड हा सोपा मार्ग. माणसं थोडी असतील तर चालेल. पण कुणी नोकरी सोडली की तो बदलायचा आणि सगळ्यांनी नव्याने टाकायचा. प्रत्यक्षात तो बदलला जात नाही. शिवाय डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड माहीत असलेला माणूस दुसऱ्याच्या जोडणीचा क्षण टिपून त्याची पाकिटं उघडू शकतो. डब्ल्यूपीए३ मध्ये हे होत नाही, म्हणून लॅपटॉप आणि फोन नवे असतील तर कर्मचाऱ्यांना डब्ल्यूपीए३ द्या.

दुसरा पर्याय, एकाच नावाला प्रत्येक माणसाचा वेगळा पासवर्ड. बऱ्याच ॲक्सेस पॉइंटांत ही सोय असते, प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते. कुणी गेलं की त्याचा तेवढा पासवर्ड काढायचा. पासवर्डनुसार व्हीलॅनही ठरवता येतो, त्यामुळे नावं कमी लागतात. पण बऱ्याच उपकरणांत ही सोय फक्त डब्ल्यूपीए२ बरोबर चालते, ते आधी तपासा. दहा ते तीस माणसांच्या ऑफिसला मी हाच सुचवेन.

तिसरा पर्याय एंटरप्राइझ, म्हणजे प्रत्येकाचं यूजरनेम किंवा प्रमाणपत्र आणि मागे ते तपासणारा रेडियस सर्व्हर. फ्रीरेडियस फुकट आहे. ॲक्सेस पॉइंट त्याच्याशी यूडीपी १८१२ पोर्टावर बोलतो, नोंदी १८१३ वर जातात. (हा पोर्ट स्विचवरचा नाही. कुठल्या सेवेशी बोलायचं ते सांगणारा हा नंबर. यूडीपी आणि टीसीपी या पाकिटं पाठवायच्या दोन पद्धती.) माणसागणिक व्हीलॅन द्यायचा असेल तर रेडियसने तीन गोष्टी परत पाठवायच्या: टनेल-टाइप १३, टनेल-मीडियम-टाइप ६ आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडीमध्ये व्हीलॅनचा नंबर. यातली एक राहिली तर माणूस जोडला जातो, पण भलत्याच नेटवर्कात. यूजरनेम-पासवर्डवर चालवत असाल तर लॅपटॉपवर सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासण्याचा पर्याय बंद करू देऊ नका. ‘तपासू नका’ निवडलं की त्याच नावाचा खोटा ॲक्सेस पॉइंट लावून कुणीही लॉगिनची माहिती गोळा करू शकतो.

काहीही निवडा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून वायफायला जोडायची सोय) मात्र बंद करा. त्याचा आठ आकडी पिन तुकड्यातुकड्यांनी तपासला जातो, त्यामुळे ११,००० प्रयत्नांतच सापडतो. ही खोट २०११ मध्येच उघड झालीय.

पायरी ७: फायरवॉल

व्हीलॅन झाले, वायफाय लागलं, प्रत्येकाला आपापला पत्ता मिळतोय. इथे लोक थांबतात. पण कित्येक राउटर नव्या व्हीलॅनांमध्ये आपणहून वाट जोडून देतात, कारण नेटवर्कं जोडणं हेच राउटरचं काम. तुम्ही स्विचवर जे वेगळं केलंत, ते राउटरने पुन्हा एकत्र केलेलं असतं.

पाहुण्यांच्या व्हीलॅनसाठी नियम याच क्रमाने लावा:

१. राउटरच्या डीएचसीपीकडे (यूडीपी ६७) आणि डीएनएसकडे (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, पोर्ट ५३) जाऊ द्या.
२. राउटरकडे बाकी काहीही असेल तर अडवा.
३. १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ या तिन्ही खासगी, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कांत वापरायच्या, पट्ट्यांकडे जाणारं अडवा.
४. उरलेलं इंटरनेटवर जाऊ द्या.

बहुतेक फायरवॉल वरून खाली वाचतात आणि पहिला जुळणारा नियम लावतात. चौथा नियम चुकून वर गेला तर बाकीच्यांना अर्थ उरत नाही.

दुसरा नियम बरेच जण विसरतात. ते १०.५०.१०.० अडवतात, पण पाहुणा १०.५०.२०.१ उघडतो, तर राउटरचं लॉगिनचं पान समोर. तोही राउटरचाच पत्ता आहे. तिसऱ्या नियमाची काहींना धास्ती वाटते की इंटरनेट कंपनीचा डबा १९२.१६८.१.१ वर आहे, मग इंटरनेट बंद पडेल. पडत नाही. वेबसाइटकडे निघालेल्या पाकिटावर वेबसाइटचा पत्ता असतो, डब्याचा नाही. उलट या नियमामुळे पाहुण्याला त्या डब्याचं सेटिंगचं पान उघडता येत नाही.

आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर वरचे तिन्ही पट्टे निरुपयोगी, कारण ते आयपीव्ही४ चे आहेत. पाहुण्याचा फोन आयपीव्ही६ वरून थेट फाइल सर्व्हरपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून राउटर देत असेल तर नियम पत्त्यांवर न लिहिता नेटवर्कांवर लिहा: ‘पाहुणे ते कर्मचारी, अडवा’. तो दोन्हींना लागू होतो. ते जमत नसेल तर पाहुण्यांच्या व्हीलॅनवर आयपीव्ही६ बंद ठेवा.

पाहुण्यांच्या वायफायवर क्लायंट आयसोलेशन चालू करा, म्हणजे एका पाहुण्याचा फोन दुसऱ्याला दिसणार नाही. काही ॲक्सेस पॉइंटांत हे एकाच ॲक्सेस पॉइंटपुरतं चालतं. दोन पाहुणे दोन वेगळ्या ॲक्सेस पॉइंटांवर असले की स्विचमधून एकमेकांना दिसतात. तपासताना हे लक्षात ठेवा.

पायरी ८: प्रिंटर

प्रिंटरला वेगळी पायरी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन त्याच्याबद्दलच येतो.

लॅपटॉप आणि फोन प्रिंटर शोधतात ते एमडीएनएसने. २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टावर, ‘इथे प्रिंटर आहे का’ अशी हाक जाते. ही हाक नेटवर्काच्या हद्दीबाहेर जात नाही. प्रिंटर व्हीलॅन ३० मध्ये, लॅपटॉप १० मध्ये, म्हणून प्रिंटर ‘सापडत नाही’. फायरवॉल कितीही उघडा केला तरी सापडणार नाही. राउटरमध्ये एमडीएनएस रिपीटर किंवा रिफ्लेक्टर असतो, तो फक्त १० आणि ३० मध्ये चालू करा. पाहुण्यांना त्यात घेऊ नका. किंवा लॅपटॉपवर प्रिंटर थेट आयपी पत्त्याने जोडा. लॅपटॉप थोडे असतील तर हेच बरं. छपाईला साधारण ६३१ किंवा ९१०० पोर्ट लागतो. तुम्ही मोजकेच पोर्ट उघडले असतील तर यूडीपी १६१ ही उघडा. तो बंद असला की विंडोज कित्येकदा चालू प्रिंटरलाही ‘ऑफलाइन’ दाखवतो.

दुसरी गडबड स्कॅनची. प्रिंटरवर कागद ठेवून ‘फोल्डरमध्ये स्कॅन’ दाबलं की प्रिंटर आपणहून फाइल सर्व्हरशी बोलायला जातो, आणि पहिल्या पायरीत ‘उपकरणं ते कर्मचारी: बंद’ असं आपणच ठरवलंय. छपाई चालते, स्कॅन चालत नाही, आणि कारण लवकर सुचत नाही. उपाय म्हणजे एकच नेमका अपवाद: प्रिंटरचा पत्ता ते फाइल सर्व्हरचा पत्ता, टीसीपी ४४५. प्रिंटरला पत्ता राखून ठेवायला सांगितला होता तो यासाठीच.

कॅमेऱ्यांना इंटरनेट बहुधा लागत नाही. रेकॉर्डर त्यांच्याच व्हीलॅनमध्ये ठेवा. घड्याळ बरोबर राहावं म्हणून यूडीपी १२३ तेवढा द्या. उपकरण पहिल्यांदा ॲपमधून जोडताना फोन त्याच वायफायवर असावा लागतो. फोन तात्पुरता तिथे न्या आणि काम झालं की तिथला पासवर्ड फोनमधून काढून टाका.

पायरी ९: मोडता येतं का ते स्वतः बघा

सगळं चालतंय हे पुरेसं नाही. जे चालायला नको ते चालत नाही ना, हे तपासायचं.

पाहुण्यांच्या वायफायवर लॅपटॉप जोडा. पत्ता १०.५०.२० चाच आहे ना? मग ब्राउझरमध्ये एकेक उघडा: १०.५०.२०.१, १०.५०.१०.१, १०.५०.९९.१, प्रिंटरचा पत्ता, रेकॉर्डरचा पत्ता, इंटरनेट कंपनीच्या डब्याचा पत्ता. एकही पान यायला नको. एनमॅप (नेटवर्कवर काय काय उघडं आहे ते शोधणारं सॉफ्टवेअर) वापरता येत असेल तर ‘कर्मचारी’ आणि ‘उपकरणं’ हे दोन्ही सबनेट, म्हणजे पत्त्यांचे पट्टे, त्याने पाहून घ्या.

नुसत्या पिंगवर विसंबू नका. विंडोजचा स्वतःचा फायरवॉल बाहेरच्या सबनेटच्या पिंगला बऱ्याचदा उत्तर देत नाही, त्यामुळे वाट उघडी असूनही बंद वाटते. प्रिंटर बहुधा उत्तर देतो, म्हणून आधी कर्मचाऱ्यांच्या नेटवर्कातून त्याला पिंग करून उत्तर येतं याची खात्री करा, मग पाहुण्यांच्या नेटवर्कातून करा.

हेच सगळं बैठकीच्या खोलीतल्या सॉकेटला केबल लावून पुन्हा करा. मग कर्मचारी म्हणून जोडा: छपाई, स्कॅन, सर्व्हरवरची फाइल, व्हिडिओ कॉल. कॉल चालू असताना पाहुण्यांच्या नेटवर्कावर स्पीड टेस्ट लावा, आवाज तुटतो का बघा.

हे काम ऑफिस सुटल्यावर करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर मोकळे राहा.

पायरी १०: लिहून ठेवा

व्हीलॅनचे नंबर, पत्ते, फायरवॉलचे नियम आणि प्रत्येक अपवादाचं कारण एका पानावर लिहा. अपवादासमोर तारीख आणि कुणी मागितला तेही. राउटर, स्विच आणि ॲक्सेस पॉइंट यांच्या नव्या सेटिंगचा बॅकअप घ्या आणि तो ऑफिसच्या सर्व्हरखेरीज आणखी एका ठिकाणी ठेवा, कारण नेटवर्कच बंद असेल तेव्हा सर्व्हर उघडणार नाही. ॲडमिनचे पासवर्ड तुमच्याखेरीज आणखी एका जबाबदार माणसाकडे असू द्या.

राउटर किंवा ॲक्सेस पॉइंटचं फर्मवेअर अपडेट केलं की नववी पायरी पुन्हा करा. अपडेटनंतर एखादं सेटिंग मूळपदावर गेलेलं असू शकतं, आणि तसं झालं तरी वायफाय नेहमीसारखंच चालत राहतं.